अळीच्या वयावर ठरतं औषध

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेचे. तरी घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठानं, चासकमान आणि खडकवासल्याच्या कालव्यांवर इथली बरीच राने वर्षभर हिरवी असतात. ऊस असतो, कांदा असतो, आणि दावणीला गाई आहेत म्हणून मकाही असतो. हिरव्या चाऱ्याचा मका, मुरघासाचा मका, दाण्याचा मका अशी एकामागून एक पेरणी चालू राहते. गोठ्याला याचा आधार आहे. मात्र मका ज्या किडीला सर्वांत जास्त आवडतो, तिचीही वर्षभराची सोय त्यातून होते.

ही कीड म्हणजे अमेरिकन लष्करी अळी. ती मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये आफ्रिकेत पोचली, २०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकात शिवमोग्याजवळ मक्यावर सापडली, आणि त्याच वर्षी सोलापूर-सांगलीकडून महाराष्ट्रात शिरली. तेव्हापासून मका उगवून पंधरा दिवस झाले की दुकानात एकच मागणी ऐकू येते : जालीम काहीतरी द्या. त्यातून दोन-तीन औषधं एकाच पंपात जातात. अलीकडे त्यात जैविक पुडीचीही भर पडू लागली आहे, कारण ‘एकात्मिक’ हा शब्द सगळ्यांच्या कानावर आला आहे.

जैविक आणि रासायनिक औषधांचा मेळ खरोखर उपयोगी आहे. पण तो टाकीत बसत नाही, तो दिवसांच्या क्रमात बसतो. कोणतं औषध कधी वापरायचं हे अळीच्या वयावर ठरतं. ते का, आणि प्रत्यक्ष शेतात कसं ठरवायचं, हे क्रमाने पाहू.

अळीचे दिवस मोजा

मादी पतंग पानावर एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते आणि वर आपल्या अंगाची केसाळ लव पसरते. हा पुंजका करड्या बुरशीच्या ठिपक्यासारखा दिसतो. दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. बाहेर आलेल्या बारीक अळ्या पानाचा हिरवा पापुद्रा खरवडून खातात, म्हणून पानावर कागदासारखे पांढुरके, पारदर्शक चट्टे पडतात. अळी सहा अवस्थांतून जाते आणि यात साधारण दोन ते तीन आठवडे जातात. तिसऱ्या अवस्थेच्या सुमारास ती पोंग्यात उतरते. मग पान उलगडलं की त्यावर ओळीने भोकं दिसतात आणि पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा साचते. मोठ्या अळ्या एकमेकींना खातात, त्यामुळे एका पोंग्यात बहुधा एकच मोठी अळी उरते.

ओळख पटवायची तर अळी तळहातावर घ्या. डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय अक्षराची फिकट खूण असते, आणि शेपटीच्या अलीकडच्या भागावर चार काळे ठिपके चौकोनात असतात. वाढ पूर्ण झाली की ती जमिनीत उतरून कोष करते. उन्हाळ्यात हा सगळा फेरा महिन्याभरात पुरा होतो, थंडीत जास्त दिवस लागतात.

औषधाच्या दृष्टीने यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, अळी आयुष्यभरात जेवढं खाते त्यातलं बहुतेक शेवटच्या दोन अवस्थांत खाते. म्हणजे बारीक असताना तिला अडवलं तर नुकसान जवळजवळ होतच नाही. दुसरी, पोंग्यात खोल बसून वर विष्ठेचं बूच लावलेल्या अळीपर्यंत कोणताही फवारा नीट पोचत नाही. उघड्या पानावर असतानाचे आठवडाभराचे दिवस हीच तिला गाठायची खरी संधी.

शेत पाहायची रीत

बांधावरून पाहून निर्णय घेऊ नका. उगवण झाल्याबरोबर एकरी पाच कामगंध सापळे लावा. त्यांत पतंग दिसू लागले की अंडी जवळ आली असं समजा. मग आठवड्यातून दोनदा शेतात नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबा आणि प्रत्येक ठिकाणी सलग वीस झाडं पाहा. शंभर झाडांतल्या किती झाडांवर ताजा प्रादुर्भाव आहे तो आकडा वहीत लिहा. ताजा म्हणजे ओली विष्ठा किंवा जिवंत अळी असलेला. जुनी भोकं पान वाढलं तरी राहतात, ती मोजली तर फवारणी विनाकारण होते.

रोपावस्थेत शंभरात पाच झाडं आणि पोंगा भरू लागल्यावर शंभरात दहा झाडं ही साधारण आर्थिक नुकसानीची पातळी धरली जाते. प्रादुर्भाव त्याखाली असेल तर रासायनिक औषधाचा खर्च वसूल होत नाही.

जैविक औषध अळीला कसं मारतं

जैविक औषधांत मुख्य तीन प्रकार आहेत, आणि तिघांची मारण्याची पद्धत वेगळी आहे. ती कळली तर कशाबरोबर काय चालत नाही हे आपोआप कळतं.

पहिलं बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. जपानमध्ये १९०१ साली रेशीमकिड्यांच्या मरीतून त्याचा शोध लागला. या जिवाणूत प्रथिनाचा स्फटिक असतो. अळीने फवारलेलं पान खाल्लं की तो पोटात जातो. अळीचं पोट अल्कधर्मी असतं. तिथे स्फटिक विरघळतो, प्रथिन आतड्याच्या आवरणाला चिकटतं आणि त्याला छिद्रं पाडतं. काही तासांत अळी खाणं सोडते, दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या आणि गाईच्या शरीरात हे प्रथिन चिकटायची जागाच नसते, म्हणून त्यांना ते बाधत नाही. मात्र रेशीमकिडाही अळीच आहे. शेजारी तुतीची बाग असेल तर बीटीचा फवारा तिकडे उडता कामा नये.

दुसरा विषाणू, एनपीव्ही. तोही खाण्यातूनच पोटात जातो, पेशींमध्ये वाढतो, आणि चार ते सात दिवसांत अळी मरते. मरण्याआधी ती झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि मागच्या पायांवर उलटी लटकते. तिची कातडी फुटून आतला पातळ द्रव खालच्या पानांवर सांडतो, आणि ती पानं खाणाऱ्या पुढच्या अळ्यांना लागण होते. विषाणू मात्र जातीपुरता असतो. घाटेअळीचा एचएएनपीव्ही लष्करी अळीवर चालत नाही. लेबलवर किडीचं नाव वाचूनच बाटली घ्या.

तिसरी बुरशी. मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली आणि मेटाऱ्हायझियम रिलेई या दोन जाती वापरात आहेत, दुसरीला अजूनही बरेच जण नोमुरिया म्हणतात. बुरशी खावी लागत नाही. तिचे बीजाणू अळीच्या कातडीवर रुजतात आणि आत शिरतात. मेलेली अळी ताठ होते, आधी पांढरी आणि मग हिरवट दिसते. बीजाणू रुजायला हवेत ओल लागते. आपल्या भागात श्रावण-भाद्रपदात, किंवा रब्बीत दव पडतं तेव्हा बुरशी चांगलं काम करते. एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत तिच्यावर भरवसा ठेवू नये, त्या दिवसांत बीटी बरा.

तिघांत दोन गोष्टी सारख्या. बारीक अळीवर ती जोरात चालतात, मोठ्या अळीवर कमी पडतात. आणि परिणाम दिसायला तीन दिवसांपासून आठवडा लागतो. दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून औषध फसलं असं नाही. अळी खात आहे का ते पाहावं.

यांच्या जोडीला अंड्यांवरचे मित्रकीटक आहेत. ऊसवाल्यांना ट्रायकोकार्ड नवीन नाही. त्यावरच्या चिमुकल्या गांधीलमाश्या किडीच्या अंड्यात आपली अंडी घालतात. लष्करी अळीसाठी ट्रायकोग्रामा प्रेटिओसम ही जात एकरी ५०,००० या प्रमाणात आठवड्याच्या अंतराने सोडतात. टेलेनोमस रेमस नावाची दुसरी माशी त्याहून चिवट, लवेखालच्या आतल्या थरातल्या अंड्यांपर्यंतही ती पोचते.

रासायनिक औषधाचं काम

मक्यातल्या या अळीसाठी क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी, स्पिनेटोरम ११.७ एससी आणि इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ही नावं सर्वांत जास्त ऐकू येतात. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल अळीच्या स्नायूंतलं कॅल्शियम मोकळं करतं. स्नायू आखडतात, जबडा बंद पडतो, अळी काही तासांत खाणं थांबवते. स्पिनेटोरम आणि इमामेक्टिन मज्जासंस्थेवर काम करतात, पण दोघांची जागा वेगवेगळी आहे. या दोघांचं मूळ मातीतल्या सूक्ष्म जीवांत आहे, तरी वापराच्या बाबतीत ती रासायनिक औषधंच धरायची.

तिघांचे गट वेगळे आहेत हे लक्षात ठेवा. एकाच गटाचं औषध पिढ्यान् पिढ्या मारत राहिलं, तर ज्या थोड्या अळ्या त्याला दाद देत नाहीत त्याच उरतात आणि वाढतात. आंध्रातल्या कापूस पट्ट्यात १९८७ मध्ये असंच झालं. सिंथेटिक पायरेथ्रॉइडचे फवारे घाटेअळीवर चालेनासे झाले आणि पीक हातचं गेलं.

आता एक बारकावा, जो सहसा सांगितला जात नाही. मक्याचं बियाणं सायॲन्ट्रानिलीप्रोल आणि थायामेथोक्झामच्या मिश्रणाने प्रक्रिया केलेलं असेल, तर सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पीक बरंच सुरक्षित राहतं. पण सायॲन्ट्रानिलीप्रोल हा क्लोरॲन्ट्रानिलीप्रोलचाच भाऊबंद आहे, दोघांचा गट एकच. अशा शेतात पहिला रासायनिक फवारा क्लोरॲन्ट्रानिलीप्रोलचा घेतला तर अळीवर त्याच गटाचा दुसऱ्यांदा मारा होतो. तिथे स्पिनेटोरम किंवा इमामेक्टिन घ्यावं.

एकाच टाकीत का नाही

अळीने खाल्लं तरच बीटी आणि विषाणू काम करतात, हे वर पाहिलं. त्याच पंपात क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल असेल तर अळी पहिल्या काही घासांतच थांबते. जैविक औषधाचा पुरेसा भाग तिच्या पोटात जातच नाही, आणि त्या पुडीचे पैसे वाया जातात. शिवाय रासायनिक औषधाची पूर्ण मात्रा दिल्यावर बारीक अळीसाठी दुसऱ्या कशाची गरजही नसते.

काही जण दोन्हींची मात्रा अर्धी करून एकत्र फवारतात. अपुऱ्या मात्रेत मध्यम जोराच्या अळ्या वाचतात आणि प्रतिकारशक्ती याच वाटेने येते. प्रयोगशाळेत ठरावीक प्रमाणात अशा जोड्या तपासल्या जातात, पण आपल्या पंपातलं प्रमाण, पाणी आणि अळीचं वय तिथल्यासारखं नसतं.

बुरशीची अडचण वेगळी. ती अंगावर रुजते, त्यामुळे खाणं थांबलं तरी तिचं बिघडत नाही. पण मॅन्कोझेब, कार्बेन्डाझिम यांसारखं बुरशीनाशक बुरशीलाच मारतं. दोन्हींत आठवडाभराचं अंतर हवं. ताम्रयुक्त औषधं आणि प्रतिजैविकं बीटीबरोबर नकोत. ज्या मिश्रणाला लेबलवर स्पष्ट मान्यता आहे तेवढंच करावं.

क्रम असा लावा

पेरणीपूर्वी खोल नांगरट करून जमीन तापू द्या. जमिनीतले कोष वर येतात, पक्षी ते टिपतात. मुरघासाचा मका निघाला की त्याच रानात लगेच मका पेरू नका, मध्ये दुसरं पीक येऊ द्या. पूर्वीच्या फडातली अळी आयतीच नव्या पिकावर चढते.

उगवणीपासून वीस दिवसांपर्यंत भर अंड्यांवर आणि नुकत्या फुटलेल्या अळ्यांवर ठेवा. सापळे लावा, ट्रायकोकार्ड बांधा, फेरी मारताना दिसलेले अंडीपुंज चुरडा. शंभरात पाच झाडांवर ताजे चट्टे दिसले तर ५ टक्के निंबोळी अर्क, किंवा अझाडिरॅक्टीन १५०० पीपीएम लिटरला ५ मिलि या प्रमाणात फवारा. ट्रायकोकार्ड लावलं असेल तर या काळात रासायनिक फवारा टाळा, नाहीतर सोडलेल्या माश्याच मरतात.

त्यानंतर पोंगा भरत असताना वही आणि अळीचं वय दोन्ही पाहा. चट्टे आहेत पण अळी बारीक आणि आकडा दहाच्या आत, तर बीटी लिटरला २ ग्रॅम किंवा मेटाऱ्हायझियम लिटरला ५ ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या पंपाला अनुक्रमे ३० आणि ७५ ग्रॅम. आकडा दहाच्या वर आणि अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या अवस्थेत असतील तर एकच रासायनिक औषध, पूर्ण मात्रेत : स्पिनेटोरम लिटरला ०.५ मिलि किंवा क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल ०.४ मिलि. लेबलवरची मात्रा वेगळी असेल तर लेबलचं ऐका.

रासायनिक फवाऱ्यानंतर सात ते दहा दिवसांनी पुन्हा शंभर झाडं मोजा. या वेळी मोठ्या अळ्या मेलेल्या असतात आणि नव्या पुंजक्यांतल्या बारीक अळ्या दिसतात. जैविकाचा सर्वांत चांगला उपयोग इथे होतो. रासायनिकाने गर्दी कमी केली, उरलेल्या बारीक अळ्या बीटी किंवा बुरशी आवरते, आणि रासायनिकातून वाचलेल्या चिवट अळ्यांनाही अगदी वेगळ्या मार्गाने मरण येतं. अशा फवाऱ्याने मित्रकीटकांनाही पुन्हा वाढायला वाव मिळतो. दुसरा रासायनिक फवारा घ्यायचाच झाला तर तो आकडा पुन्हा दहाच्या वर गेला तरच, आणि वेगळ्या गटातला.

तुरा आल्यावर रासायनिक औषध नको. खर्च वसूल होत नाही, फवारणाऱ्याच्या डोक्यापेक्षा पीक उंच झालेलं असतं, आणि परागासाठी मधमाश्या येत असतात. या टप्प्यावर शक्य तेवढ्या अळ्या वेचून मारा, आणि फार झालं तर जैविक फवारा घ्या.

फवारा पोंग्यात गेला पाहिजे

औषध बरोबर असूनही फवारणीत काम बिघडतं. नोझल पोंग्याकडे रोखा, नुसती पानं ओली करून उपयोग नाही. वेळ संध्याकाळची ठेवा, कारण अळी रात्री बाहेर येऊन खाते. कडक उन्हातले अतिनील किरण विषाणू, बीटी आणि बुरशी तिन्हींना कमजोर करतात, म्हणूनही उन्हं उतरल्यावरच फवारा.

पाणी तपासा. आपल्याकडे बोअरचं पाणी अनेक ठिकाणी क्षारांचं आणि अल्कधर्मी आहे. अशा पाण्यात बीटीचा स्फटिक अळीच्या पोटात जाण्याआधी टाकीतच विरघळू लागतो. सामू सातच्या आसपास असलेलं पाणी वापरा, सामू पाहायची कागदी पट्टी स्वस्तात मिळते. तयार द्रावण त्याच दिवशी संपवा. जैविक पुडी उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, आणि घेताना उत्पादनाची व मुदतीची तारीख वाचा. तिच्यात जिवंत माल आहे, तो मेला की उरते ती नुसती भुकटी. तणनाशकाचा पंप वेगळाच हवा.

हरभऱ्यातही हाच हिशोब

रब्बीत हरभऱ्यावर घाटेअळी येते. तिथेही क्रम हाच. एकरी वीस पक्षिथांबे आणि कामगंध सापळे आधी लावा. सापळ्यात सलग दोन-तीन रात्री आठ-दहा पतंग आले, किंवा मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसल्या, की हालचाल करा. कळी-फुलाच्या वेळी अळ्या बारीक असतात, तेव्हा संध्याकाळी निंबोळी अर्क किंवा एचएएनपीव्ही. घाटे भरताना अळी मोठी आणि संख्या जास्त असेल तर एक रासायनिक फवारा. फक्त क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल खरिपात मक्यावर मारलं असेल तर हरभऱ्याला इमामेक्टिन ठेवा. घाटेअळी मक्याच्या कणसातही असते, त्यामुळे गटांची नोंद पिकानिहाय न ठेवता रानानिहाय ठेवावी.

चारा, दूध आणि फवारणारा माणूस

चाऱ्याचा मका साधारण दोन महिन्यांत कापला जातो. चाळिसाव्या दिवशी रासायनिक फवारा बसला की कापणीपर्यंत फार दिवस राहत नाहीत. चारा गाईच्या पोटात जातो आणि दूध घरात, डेअरीत. म्हणून चाऱ्याच्या आणि मुरघासाच्या मक्यावर निंबोळी, बीटी, बुरशी एवढ्यावरच भागवायचा प्रयत्न करावा. रासायनिक घ्यावंच लागलं तर लेबलवरचा काढणीपूर्व थांबा काळ पाळावा. थोडी भोकं पडलेलं पान गाय आनंदाने खाते. दाण्याच्या मक्याचा हिशोब चाऱ्याला लावू नये.

माणसाबद्दलही तेवढंच काळजीने. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, कितीतरी जण दवाखान्यात गेले. उंच वाढलेलं पीक, उकाडा, संरक्षक साधनांचा अभाव आणि वेगवेगळ्या औषधांची मिश्रणं, हे सगळं तिथे एकत्र आलं होतं. विषबाधा झालेल्या माणसाला नेमकं काय लागलं हे डॉक्टरांना कळलं तर उपचार नेमका होतो. टाकीत तीन बाटल्या ओतल्या असतील तर ते सांगणंही अवघड होतं. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग पाहा : लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वाऱ्याच्या दिशेने फवारणी ही शिस्त जैविक औषधालाही लावा, कारण बारीक भुकटी नाका-डोळ्यांना त्रास देते.

गावाने मिळून

२००८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर राज्यात क्रॉपसॅप ही कीड-रोग सर्वेक्षणाची योजना उभी राहिली. मोजल्याशिवाय फवारू नये हा तिचा गाभा. बारामती आणि नारायणगावची कृषी विज्ञान केंद्रं आणि तालुक्याचं कृषी कार्यालय इथे अळी ओळखायला आणि मात्रा विचारायला जरूर जा. सोबत अळी लागलेला पोंगा पिशवीत न्या, म्हणजे अंदाजाने सल्ला मिळणार नाही.

लष्करी अळीचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडू शकतो. बांध त्याला माहीत नाही, तालुक्याची शीवही नाही. माझ्या रानात अर्ध्या मात्रेतून वाचलेली अळी पुढच्या महिन्यात पतंग होऊन शेजाऱ्याच्या मक्यावर अंडी घालते, आणि त्याचं औषध चालेनासं होतं. क्लोरॲन्ट्रानिलीप्रोल किंवा स्पिनेटोरम आणखी किती वर्षं काम देईल हे कंपनीपेक्षा गावातल्या सगळ्यांच्या फवारणीवर ठरणार आहे. म्हणून निदान एका शिवारातल्या मका उत्पादकांनी पेरणीच्या वेळीच बसून ठरवावं : सापळे कधी लावायचे, पहिला जैविक फवारा कोणता, आणि या हंगामात रासायनिक गट कोणता. पेरणीबरोबर हा निर्णय झाला, तर पोंगे फाटलेले पाहून घाईघाईने बाटल्या विकत घ्यायची वेळ फार थोड्या शेतांवर येईल.